कोकणातल्या खोताच्या घरावर चार पिढ्यांची कादंबरी लिहितोय, त्यात इतिहास कसा आणू?

घराचं वर्णन जमतं, पण इतिहास आला की पाठ्यपुस्तक होतं, असं तुम्ही लिहिलंय. मी तारखांच्या आधी एक गोष्ट ठरवेन: त्या घरात कोण कुठवर येऊ शकतं.

माझा जन्म लालबागचा, पण पणजोबा गावी खोताचे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचे, कूळ; त्याची जमीन कसायचे. भाताचा मक्ता, म्हणजे जमिनीचा खंड, डोक्यावरून नेऊन घरासमोरच्या खळ्यात ओतायचा, खोताच्याच पायलीने मोजून द्यायचा आणि परत फिरायचं. आजी सांगायची, उभ्या जन्मात ते पडवीची पायरी चढले नाहीत. पणजी मात्र मागच्या दारी भात कांडायला जायची. रहाटाची कुरकुर, न्हाणीची चूल, माजघरातून ऐकू येणारी भांडणं, सगळं तिला पाठ. ओटी तिनेही कधी पाहिली नाही. कादंबरी फक्त ओटीवरच्या झोपाळ्यावरून सांगितलीत तर माझी पणजी तिच्यात येणारच नाही, आणि तिच्यासारख्यांशिवाय ते घर एक दिवस चाललं नसतं.

या पायऱ्या पक्क्या झाल्या की कायदे आपोआप घरात शिरतात. 1933 साली अलिबागकडे चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला, तो सहा वर्षं चालला. ती बातमी तुमच्या खोताच्या कानावर कोण घालतं, आणि खळ्यातली माणसं तेव्हा कुठे बघतात? 1937 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. मग कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, कसणारा तो मालक. मला वाटतं, कादंबरीचा जीव त्याच्या दुसऱ्या दिवशी आहे. कालपर्यंत खळ्यात उभा राहणारा माणूस काही कामाने त्या घरी येतो. पडवी चढतो का? खोत त्याला ‘बस’ म्हणतो की ‘बसा’? आणि तो बसतो कुठे?

एक बारीक गोष्ट. पहिली पिढी 1865 च्या आधीची असेल तर घरावर मंगलोरी कौलं चढवू नका, मंगळूरचा पहिला कारखाना त्या साली निघाला. नळे, म्हणजे जुनी अर्धगोल कौलं, घाला, आणि पावसाआधी ते परतायला छपरावर कोण चढतं तेही येऊ द्या.

मुंबईत असाल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, जुनी सरकारी कागदपत्रं तिथे मिळतात. 1880 चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअरही वाचा, खोतांबद्दल त्यात बरंच आहे. पण त्यासाठी लिहिणं अडवून ठेवू नका. तो पायरीवरचा प्रसंग आधी लिहून काढा.