होमस्कूलिंग फक्त मुलीलाच का?

प्रश्न : आम्ही अहिल्यानगरचं ख्रिस्ती कुटुंब. मुलगी पंधरा वर्षांची आहे, नववी पास झाली (७४ टक्के, विज्ञानात ८८). शाळेतलं वातावरण चांगलं राहिलेलं नाही. डिसेंबरमध्ये तिच्या दप्तरात एका मुलाची चिठ्ठी सापडली. अमेरिकेतली विश्वासी कुटुंबं मुलांना घरीच शिकवतात, मुलींना उत्तम गृहिणी म्हणून घडवतात, त्यांचे व्हिडिओ आम्ही नेहमी पाहतो. जूनपासून हिलाही घरीच शिकवायचं ठरवलं आहे. वेळापत्रक सोबत जोडलं आहे. तिकडची कुटुंबं मुलांना स्वतःच डिप्लोमा देतात, तसं आम्हीही देऊ. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री हा आमचा आदर्श आहे. मुलगी काही बोलली नाही, तिची तयारी आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास चालू आहे. मुलीला घरबसल्या कोणता कोर्स द्यावा?
– एक वडील

उत्तर : सलाम. कोर्सचं नंतर बघू. ‘मुलगी काही बोलली नाही, तिची तयारी आहे’ या वाक्यापाशीच मी थांबले. दप्तरात चिठ्ठी सापडल्यावर घरात काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज येतो. एवढं झाल्यावर वडिलांनी येऊन सांगितलं की आता शाळा बंद, तर या वयाची मुलगी काय बोलणार? तिच्या गप्प बसण्याला तुम्ही होकार समजलात. चिठ्ठी लिहिली कोणीतरी मुलाने आणि शाळा सुटतेय हिची. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच.

आता वेळापत्रक. सहाला उठून बायबल वाचन आणि प्रार्थना, छान. आठ ते अकरा घरकाम. अकरा ते एक आईबरोबर स्वयंपाक. दुपारी शिवण, संध्याकाळी चर्चच्या संडे स्कूलची तयारी. गणित शनिवारी अर्धा तास. विज्ञान कुठेच नाही. ज्या विषयात तिला ८८ मिळाले, तोच विषय तुम्ही गाळलात. याला होमस्कूलिंग म्हणू नका. शाळा सोडवून घरकामाला जुंपणं आपल्याकडे फार जुनं आहे, त्यासाठी अमेरिकेचे व्हिडिओ बघायची गरज नव्हती. आणि मुलाचं असं वेळापत्रक का नाही? शाळेचं वातावरण मुलीला बिघडवतं आणि क्लासचं वातावरण मुलाला बिघडवत नाही, असं असतं का?

घरी शिकवण्याला माझा विरोध नाही. पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, त्यांना संस्कृत शिकवलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, ते त्याच शिकवणीवर. पण त्या आईने मुलीला सगळ्यात अवघड विद्या दिली होती. तुम्हीही तसं करणार असाल तर मी तुमच्या बाजूने आहे. कायदाही आड येणार नाही, कारण शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे आणि तुमची मुलगी त्यापुढे गेली आहे. म्हणजे शाळेच्या बाबतीत तुम्हाला अडवणारं किंवा तिला वाचवणारं आता घराबाहेर कोणी नाही. सगळी जबाबदारी तुमच्यावर आहे.

एक गैरसमज मात्र आत्ताच दूर करा. तिकडची कुटुंबं मुलांना स्वतःच डिप्लोमा देतात, तसं आपणही देऊ, असं तुम्ही लिहिलं आहे. अमेरिकेत अनेक राज्यांत आईवडिलांनी दिलेला असा दाखला चालतो, कारण तिथली बरीच कॉलेजं तो मान्य करतात. आपल्याकडे त्याची किंमत शून्य. अकरावी, आयटीआयचे बहुतेक अभ्यासक्रम, नर्सिंग, बहुतेक सरकारी नोकऱ्या, जिथे जाल तिथे मान्यताप्राप्त बोर्डाची दहावीची मार्कलिस्ट मागतात. परदेशी बोर्डाच्या प्रमाणपत्रालासुद्धा इथे समकक्षता सिद्ध करावी लागते, मग घरी छापलेल्या कागदाला कोण विचारणार? विशीतल्या मुलीच्या हातात काहीच कागद नसेल, तर तिने पंधरा ते वीस या वर्षांत काय शिकलं हे तिला कुठेच दाखवता येणार नाही. नवरा आजारी पडला, संसारावर वेळ आली, तर तिने कुठे जायचं?

दहावीनंतर घरूनच शिकायचं असेल तर एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळा मंडळ आहे, पाच विषय घेता येतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते, गृहविज्ञानही त्यात आहे. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे.

गृहिणी होण्यात कमीपणा नाही. घर चालवणं हे मोठं काम आहे, ते नीट शिकावंच लागतं, आणि तुमच्या मुलालाही शिकावं लागेल. उद्या तो होस्टेलला जाईल, त्याला कुकर लावता येतो का? तुम्ही नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीचा दाखला दिलात. तो अध्याय पुन्हा उघडा. ती बाई शेत बघून, विचार करून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं बनवून व्यापाऱ्यांना विकते. हिशेब येत नसता तर तिला हे जमलं असतं का? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या आश्रमात, रमाबाईंनीही मुलींना स्वयंपाकाबरोबर विणकाम, शेती आणि छापखान्यातलं काम शिकवलं. मुंबईत ख्रिस्ती धर्मभगिनींनी निर्मला निकेतनमध्ये गृहविज्ञानाचं कॉलेजच काढलं. आणि तुमच्या नगरात तर अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांनी मिशनच्या मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. आपल्या मंडळीची ही ओळख आहे आणि तुम्ही तिच्या उलट दिशेने निघाला आहात.

जूनमध्ये तिला दहावीला त्याच शाळेत बसवा. चिठ्ठीचं तिच्या आईने तिच्याशी बोलावं, न रागावता, आणि तुम्ही त्या वेळी खोलीत नसलात तर बरं. घरकाम दोन्ही मुलांना सारखं वाटून द्या. विज्ञान तिला आवडतं का, पुढे नर्सिंग, लॅब टेक्निशियन, आहारशास्त्र यातलं काही करावंसं वाटतं का, की खरंच तिला घरीच राहायचं आहे, हे मला तुमच्याकडून नको. तिला लिहू द्या. ते पत्र तुम्ही वाचायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. कोर्सबद्दल मी तिलाच उत्तर देईन.