चित्राखाली काय लिहायचं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. युक्रेनच्या मुलांची चित्रं वॉर्साच्या भिंतींवर लागणार आणि खालच्या पाट्या तू लिहिणार, हे वाचून ऊर भरून आला. "बाई, लिहायला बसलं की रडू येतं," असं म्हणतेस. येऊ दे. पण रडून झाल्यावर पाटी लिही. पाटी वाचून माणूस पुन्हा चित्राकडे वळला पाहिजे, एवढंच तिचं काम.

ते कॉरिडॉरचं चित्र घे. तपकिरी खडूने घोटून घोटून काढलेल्या दोन जाड भिंती, मधे गादी, गादीवर आई, मुलगी आणि त्या दोघींहून मोठं मांजर. तू लिहिलंस, 'भीतीच्या अंधारात एक कुटुंब'. खोड ते. सायरन वाजला आणि तळघरात पोचायला वेळ नसला, तर तिथली माणसं घरातच अशा जागी बसतात की आपल्यात आणि रस्त्यात दोन भिंती येतील. पहिली भिंत धक्का झेलते, दुसरी काचा आणि ठिकऱ्या अडवते. 'दोन भिंतींचा नियम' म्हणतात त्याला, आणि तो तिथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. त्या मुलीने हा नियम काढलाय, आणि अचूक काढलाय. पाटीवर तो दोन ओळींत सांग. मांजराबद्दल एक अक्षर लिहू नकोस, ते बघणाऱ्याला सापडू दे.

मुलांनी चित्रावर स्वतः लिहिलेल्या शब्दांचं भाषांतर करताना सावध राहा. आकाशात काळा त्रिकोण आणि शेजारी 'मोपेड' असं लिहिलेलं असलं, तर ती दुचाकी नव्हे. रशिया सोडतो त्या स्फोटकं भरलेल्या शाहेद ड्रोनचं इंजिन तसं फटफटतं, म्हणून लोक त्याला मोपेड म्हणतात. 'प्रिलीत' म्हणजे शब्दशः उडत येऊन पोचणं, पण आता त्याचा अर्थ क्षेपणास्त्र येऊन आदळणं. कुठे धुराऐवजी कापसाचं बोंड दिसलं तर तेही मुलाचं चुकलेलं नाही. रशियन बातम्यांत स्फोटाला 'फट् असा आवाज' म्हणायचे. त्या रशियन शब्दाचा दुसरा अर्थ कापूस, म्हणून युक्रेनमध्ये स्फोटालाच 'बवोव्ना', म्हणजे कापूस, म्हणू लागले. तुझ्या युक्रेनी मैत्रिणीला शेजारी बसवल्याशिवाय एकही शब्द छापायला देऊ नकोस.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. तुमच्याकडे १९४६ सालची पोलिश मुलांची चित्रंही शेजारी लावणार आहेत म्हणतेस. वॉर्साच्या नव्या दस्तऐवजांच्या अभिलेखागारात तशी हजारो चित्रं आहेत. जोड्या लावल्या की अंगावर काटा येतो, तेच जळतं घर, तेच विमान. पण पोलिश मुलांनी ती दुसरं महायुद्ध संपल्यावर, आठवून काढली. युक्रेनच्या मुलाने चित्र काढलं त्या रात्री पुन्हा सायरन झाला असेल. दोन्हींखाली एकच भूतकाळ वापरलास तर हा फरक पुसला जाईल. 'ही मुलगी युद्धात राहत होती' असं लिहू नकोस. २०२२ मध्ये नऊ वर्षांची असलेली पोर तिथेच मोठी होते आहे. युक्रेनच्या खारकीव्ह शहरात २०२३ पासून मेट्रो स्टेशनांत शाळा भरते, म्हणजे कुणी बिनखिडक्यांचा वर्ग काढला असेल तर तो आजचा वर्ग आहे. (आपल्याकडची मेडिकलची मुलं २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्याच स्टेशनांत लपली होती, आठवतं ना?) प्रत्येक पाटीवर चित्राची तारीख घाल आणि क्रियापद तपासून बघ.

नावांचं विचारलंस. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तेरेझीन छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या बाई मुलांना चित्रकला शिकवत. प्रत्येकाने चित्रावर आपलं नाव घालायचंच, हा त्यांचा आग्रह. १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारलं, पण सुमारे साडेचार हजार चित्रं सुटकेसांमध्ये मागे राहिली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत आणि त्या नावांमुळेच कुठलं चित्र कुणाचं ते कळतं. म्हणून नाव हवंच. पण तुझी मुलं जिवंत आहेत, कुणाचा बाप आघाडीवर, कुणाची आजी रशियाने घेतलेल्या गावात. तेव्हा पहिलं नाव, वय, शहर, एवढंच. आणि तेही आईवडिलांना विचारून.

आता माझं सांगते. १९९३ च्या भूकंपानंतर मी खडू घेऊन किल्लारीकडे गेले होते. एका मुलाने दगडी घर काढलं, अख्खं, दारात बैल. मी विचारलं, "अरे, पडलेली भिंत कुठंय?" त्याने खडू पेटीत ठेवला आणि परत हात लावला नाही. पडलेलं घर त्याला रोज दिसत होतं. कागदावर त्याला दुसरं हवं होतं, आणि ते मी हिसकावून घेतलं. तीस वर्षं झाली, तो बैल डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून निवड करताना तुमच्या समितीत तोंड उघड. रणगाडे आणि रक्ताचीच चित्रं निवडतील, कारण त्यांच्यापुढे लोक थांबतात. तू समुद्र, सूर्यफुलं, 'म्रिया' विमान आणि पॅट्रन कुत्राही लावायला लाव. 'म्रिया' म्हणजे स्वप्न. ते जगातलं सर्वांत मोठं मालवाहू विमान कीव्हजवळ होस्टोमेलच्या विमानतळावर जळालं, तरी मुलं ते उडतानाच काढतात. पॅट्रन सुरुंग हुंगून काढतो, त्याला राष्ट्राध्यक्षांनी पदक दिलंय. ही चित्रंही युद्धातलीच आहेत.

आणि दालनात सायरनचा आवाज वाजवायची जी कल्पना कुणीतरी काढली आहे, ती हाणून पाड. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात युक्रेनच्या ७५ लाख मुलांपैकी ४३ लाख घराबाहेर पडली, असं युनिसेफने तेव्हा सांगितलं होतं. त्यातली कितीतरी पोलंडमध्येच आली. ती आईचा हात धरून तुमच्या दालनात येतील. त्यांच्यासाठी काही चित्रं खाली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव, आणि एका कोपऱ्यात कागद-खडू ठेव. कुणी बसलं तर 'काय पाहिलंस?' विचारू नकोस. 'मला दाखवतोस का?' एवढं पुरे. नाही म्हणाला तर नाही.

पाट्यांचा कच्चा मसुदा पाठव. लाल पेन काढून ठेवलंय.

तुझी,
बाई