पीडीएफ हलवा, फोटो राहू द्या

प्रश्न: आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. जुन्या अंकांचे स्कॅन केलेले पीडीएफ आणि कार्यक्रमांचे फोटो मिळून ४० जीबी झालेत. होस्टिंगवाले म्हणतात, मोठा प्लॅन घ्या. कार्यवाहांचा पुतण्या म्हणतो, सगळं ॲमेझॉनच्या क्लाऊडवर टाका, महिन्याला एका डॉलरमध्ये भागेल. कोणाचं ऐकू? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: पुतण्याचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. ॲमेझॉनच्या एस३ या फाइली साठवायच्या सेवेच्या मुंबई केंद्रात ४० जीबी ठेवायला साधारण एक डॉलरच लागतो. गोदामाचं भाडं स्वस्त, हमाली (म्हणजे बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे) महाग, असा हा धंदा आहे. ६० एमबीचा अंक दिवाळीच्या महिन्यात ५,००० जणांनी उतरवून घेतला, की ३०० जीबी बाहेर गेले. पहिले १०० जीबी फुकट. उरलेल्या २०० जीबींचे, जीबीला सुमारे ११ सेंटच्या दराने, २२ डॉलर. वर जीएसटी. समोर क्लाऊडफ्रंट, म्हणजे ॲमेझॉनचीच फाइली वाचकांपर्यंत पोचवणारी सेवा, लावलं तर महिन्याला १ टीबीपर्यंत हमाली माफ होते, पण मग सांभाळायला आणखी एक यंत्रणा आली.

तुमच्यासाठी मी क्लाऊडफ्लेअर या कंपनीचं आर२ घेईन, तेही फाइलींचं गोदामच. तिथे बाहेर जाणाऱ्या डेटाला पैसे नाहीत, ठेवायला पहिले १० जीबी फुकट आणि पुढे महिन्याला जीबीला दीड सेंट. अट एवढीच, की स्वतःच्या पत्त्यावरून फाइली द्यायच्या तर तुमच्या डोमेनचं डीएनएस (कोणता पत्ता कुठल्या सर्व्हरवर जातो त्याची नोंद) त्यांच्याकडे न्यावं लागतं.

आणि सगळं हलवू नका. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या चार-सहा प्रती करून ठेवतं आणि पानावर त्यातली लागेल ती मागतं. ते बाहेर न्यायचं तर प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं सॉफ्टवेअर) आलं, त्याचे अपडेट आले. जागा खातात ते पीडीएफ, तेवढेच न्या. आरक्लोन या फुकट साधनाने कॉपी करा, वर्ष-महिन्याचे फोल्डर जसेच्या तसे ठेवा आणि त्याच्याच ‘चेक’ आदेशाने दोन्हीकडच्या फाइली जुळवून पाहा.

नवा पत्ता मात्र ‘फाइल्स’ अशा स्वतःच्या सबडोमेनचा, म्हणजे तुमच्याच डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेला, घ्या. उद्या कंपनी बदललीत तरी लिंका तुमच्याच राहतील. डेटाबेसला हात लावायची गरज नाही. सर्व्हरवरच्या एचटीॲक्सेस या नियमांच्या फाइलीत ‘अपलोड्समधला पीडीएफ मागितला की नव्या पत्त्यावर पाठव’ असा ३०१चा (कायमचा पत्ता बदलल्याचा) एक नियम लिहिला, की व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या लिंकाही चालतात. यासाठीच फाइलींची नावं आत्ता बदलू नका, मराठीत असली तरी. पुढचे अंक मात्र रोमन नावाने चढवा. लिंकमध्ये मराठी अक्षरांच्या जागी सांकेतिक खुणा येतात, नुसत्या ‘दिवाळी’ची ५४ अक्षरं होतात आणि अशी लिंक कुठेतरी अर्धीच कॉपी होते.

जुन्या प्रती महिनाभर राहू द्यात. नंतर त्या होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून काढा, वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून नाही. तिथून काढल्या की वर्डप्रेसमधल्या त्यांच्या नोंदीही जातात. मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर हवेतच. क्लाऊडवर चुकून पुसलेली फाइल तिथून आपोआप परत येत नाही.

खातं वाचनालयाच्या ईमेलवर उघडा, पुतण्याच्या नको. पोरगं उद्या नोकरीला बंगळूरला जाईल आणि ओटीपी त्याच्या फोनवर येत राहील. कार्डही ज्याची मुदत कार्यकारिणीत कुणाच्या तरी लक्षात राहील असंच द्या.