घोट्याजवळ सुई लावून करंट देतात, त्याने लघवीवरचा ताबा सुधारतो का?
हो, अचानक जोराची लागून बाथरूम गाठेपर्यंत कपड्यात होत असेल तर बऱ्याच जणांना फरक पडतो. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर मात्र हा इलाज नाही. घोट्याच्या आतल्या हाडापासून साधारण ५ सेंटिमीटर वर, तिथून जाणाऱ्या नसेजवळ बारीक सुई टोचतात. त्या नसेची मुळं आणि मूत्राशयाच्या नसांची मुळं पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी येतात, म्हणून पायातून परिणाम होतो. पायाचा अंगठा आपोआप वाकला किंवा तळव्यात मुंग्या आल्या की सुई बरोबर बसली. काहीच जाणवलं नाही तर पुन्हा लावायला सांगा, नाहीतर त्या खेपेची ३० मिनिटं फुकट. दर आठवड्याला एकदा, असं १२ वेळा करायचं. चार-पाच खेपांत गुण आला नाही म्हणून कृपया सोडू नका. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.