माओरी वाचायला शिकताय? आधी देवनागरी बाजूला ठेवा

माओरी ही न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची भाषा, रोमन लिपीत लिहिली जाणारी. अक्षरं फक्त 15: पाच स्वर, आठ साधी व्यंजनं आणि 'एनजी', 'डब्ल्यूएच' या दोन जोड्या. जोडी म्हणजे एकच अक्षर, त्यामुळे शब्दकोशात 'एनजी'चे शब्द 'एन'चे सगळे शब्द संपल्यावर शोधा.

मराठी माणसाची खरी अडचण स्वरांत येते. 'हाका' (माओरींचं समूहनृत्य) असं आपण लिहितो, पण मुळात दोन्ही स्वर ऱ्हस्व आहेत. 'हक' लिहिलं तर शेवटचा 'अ' आपण गिळतो, आणि माओरीत प्रत्येक शब्दावयव (उच्चाराचा एक तुकडा) स्वरानेच संपतो. शेवटचे इ-उ लांबवायची सवयही इथे नडते. म्हणून रोमन लिपीतूनच वाचा आणि स्वरावरची आडवी रेघ कधीच गाळू नका. 'केके' ऱ्हस्व असेल तर केक, दोन्ही स्वर दीर्घ असतील तर काख! फोनवर स्वराची कळ दाबून धरली की रेघवालं अक्षर मिळतं.

'एनजी' म्हणजे 'वाङ्मय'मधला ङ, मागे 'ग' अजिबात नको. शब्दाच्या सुरुवातीला तो जमत नाही, तेव्हा 'अङा' म्हणत राहा आणि 'अ' हळूहळू सोडा. 'डब्ल्यूएच' बहुतेक ठिकाणी इंग्रजी 'एफ'सारखा, पण न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील व्हांगानुईच्या परिसरात 'व'कडे झुकतो. दक्षिण बेटावर बऱ्याच ठिकाणी 'एनजी'चा 'क' होतो, म्हणून 'ङाइ ताहु' हे जमातीचं नाव तिथे 'काइ ताहु'. ही चूक नाही, बोली आहे.

क, त, प मात्र आपलेच: सहसा हवा न सोडता म्हणा. इंग्रजी भाषकांना हे जड जातं, तुम्हाला जाणार नाही.