गोठ्याचं शास्त्र शिकायचंय

प्रश्न : बारावीला जीवशास्त्र आहे, घरी म्हशी आहेत. मला इंजेक्शनं टोचायची नाहीत, गोठा नीट चालवायला शिकायचंय. कुठे जाऊ? – एक विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : अगं, आपल्याकडे उपचार आणि संगोपन एकाच पदवीत येतात : बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यक नि पशुसंवर्धन. साडेपाच वर्षं, त्यात वर्षभर इंटर्नशिप. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर. तुला शिरवळचं कॉलेज जवळ. मी मात्र उदगीर म्हणेन, देवणी गाईंचा मुलूख आहे तो. दोन्ही कॉलेजं नागपूरच्या ‘माफसू’कडे, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे.

तुझा विषय ‘पशुधन उत्पादन व्यवस्थापन’. त्यात जनावराच्या छातीचा घेर नि लांबी मापून वजन काढतात, त्यावरून खुराक ठरतो. शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसले, की भरडा जाड दळलाय समजायचं. इंजेक्शनं मात्र टोचावी लागतीलच!