पुणे घोगरे, चेन्नई स्वच्छ

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून येताना माझ्यासाठी खिशात मावणारा डिजिटल रेडिओ आणला. मीडियम वेव्हवर रात्री ७२० ला तमिळ आणि ८१० ला गुजराती कार्यक्रम छान लागतात. जवळचे पुणे मात्र ७९० वर घोगरे, फाटके येते आणि मुंबई धड लागतच नाही. संच बिघडलेला आहे का?
— एक वाचक, वाई

उत्तर : मुळीच नाही. बिघडलेल्या संचावर चेन्नई आणि राजकोट आले नसते, आणि ७२० व ८१० वर तुम्ही तीच ऐकत आहात.

अमेरिकेत मीडियम वेव्हची केंद्रे १०-१० किलोहर्ट्झवर असतात. आपल्याकडे, रेडिओ केंद्रांच्या वाटपाविषयीच्या १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार, ती ९-९ वर असतात. १९७८ च्या नोव्हेंबरपासून हे लागू झाले. तुमचा संच दहाच्या उड्या मारतो. ७२० आणि ८१० ला नऊनेही भाग जातो, दहानेही, म्हणून ती केंद्रे नेमकी सापडली. पुणे आहे ७९२ वर, मुंबई १०४४ वर. संच ७९० किंवा १०४० वर थांबतो आणि केंद्र बाजूला राहते. पुणे दोनच किलोहर्ट्झ हुकते म्हणून निदान ओळखू तरी येते.

संचावर ‘९/१०’ लिहिलेले बटण किंवा खटका शोधा. काही संचांत तो बॅटरीच्या खणात असतो, काहींत संच बंद ठेवून बटण दाबून धरावे लागते. बदल केल्यावर साठवलेली केंद्रे पुसली जाऊ शकतात, तेव्हा ती आधी कागदावर उतरवा.

आता खरी मजा. मीडियम वेव्हसाठी एफएमची दांडी ओढून काही उपयोग नाही. आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची आडवी कांडी असते आणि तीच अँटेना. केंद्र कांडीच्या बाजूला असेल तर आवाज भरून येतो, टोकाच्या दिशेला असेल तर दबतो. वाईहून पुणे जवळजवळ उत्तरेला आहे. दुपारी पुणे लावून संच गोल फिरवा, फरक लगेच कळेल. रात्री संच दक्षिणोत्तर ठेवून ७३८ वर पूर्वेचे हैदराबाद शोधा. चेन्नई आग्नेयेला आणि राजकोट साधारण वायव्येला, म्हणून या दोघांना एकच ठेवण चालते.

लांबची केंद्रे रात्रीच का? दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरचे थर त्या परत जमिनीकडे वळवतात. आवाज मध्येच बुडून पुन्हा वर येतो तो त्यामुळेच. त्यासाठी बटणे फिरवू नका, थोडे थांबा.

एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मात्र आधी बंद करा, नाहीतर नुसती घरघर. वळवाच्या दिवसांत विजांची खरखर फार असते. दिवाळीनंतरच्या कोरड्या रात्री यासाठी सर्वांत चांगल्या. शक्य असेल तर गच्चीवर बसा.